रंग उतरवावा, अंग राखावे

भांड्यांस कल्हई करणारा कारागीर अलीकडे क्वचितच दारी येतो. पण ज्यांनी त्यास काम करताना पाहिले आहे त्यांच्या ध्यानात असेल की तो आरंभीच कथिलास हात घालीत नाही. आधी भांडे घासून जुना थर व चिकटा काढतो, मग भट्टीवर तापवून नवसागराने पुसतो आणि पृष्ठभाग निर्मळ झाला अशी खात्री पटल्यावरच कथिल फिरवितो. जुने नीट निघाल्यावाचून नवे नीट बसत नाही, हा त्याचा नियम. तांब्यापितळेस तापणे आणि घासणे सोसते, म्हणून तो निर्धास्त असतो. हाच नियम आम्ही मुलांच्या एका खेळण्यास लावावयास गेलो आणि फसलो. त्या फजितीतून जे शिकलो ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

परभणीस आमचे जुने घर आहे. दिवाळीच्या सुटीत पुण्याचे, मुंबईचे सर्व बिऱ्हाड तेथे गोळा होते. यंदा माळा झाडताना एक खोके खाली आले. त्यात आमच्या पुतण्याची लहानपणीची रिमोटची गाडी होती. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्या मामांनी ती परदेशातून आणली होती. गाडी खऱ्या मोटारीच्या दशांश मापाची. खाली यंत्र, चाके व बॅटरी, आणि वर झाकणाप्रमाणे बसणारे प्लॅस्टिकचे कवच, ज्यास मुले ‘बॉडी’ म्हणतात. अशी दोन कवचे होती. एक जाड व टणक, दुसरे पातळ व लवचिक. दोहोंवर जुने रंग तडकलेले. पुतण्याचा अकरा वर्षांचा मुलगा ती दोन्ही घेऊन आमच्याकडे आला व म्हणाला, “आबा, हा रंग काढून द्याल का? मला निळी करायची आहे.”

दारेखिडक्या रंगविल्या तेव्हाचा अर्धा डबा थिनर घरात शिल्लक होता. थिनर रंग काढते, हे कोणास ठाऊक नाही? आम्ही टणक कवच परातीत ठेवून त्यावर थिनर ओतले व बोलत बसलो. दहा मिनिटांनी पाहतो तो रंग सुटला होता खरा, पण त्याबरोबर कवचही सुटू लागले होते. पृष्ठभाग चिकट झाला, दारांच्या बारीक रेषा बुजल्या, पुढचा कोपरा मेणासारखा खाली वाकला आणि उचलू गेलो तेथे आमच्या बोटांचे ठसे कायमचे उमटले. मुलगा रडला नाही, रागावलाही नाही. दुसरे कवच त्याने मुकाट्याने उचलून खोक्यात ठेवले व खोके आपल्याजवळ ओढून घेतले. ते त्याचे खोके ओढणे आम्हांस फार लागले. वहिनी परात धुवावयास आल्या, त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, शितावरून भाताची परीक्षा करतात. तुम्ही तर सगळी पंगतच वाढून बसलात.”

सायंकाळी ते बिघडलेले कवच उजेडात धरले, तेव्हा त्याच्या आतील बाजूस तीन अक्षरे उठविलेली दिसली: एबीएस. जे प्रथम वाचावयाचे ते आम्ही शेवटी वाचले होते.

अशा गाड्यांची कवचे मुख्यत्वे तीन जातींच्या प्लॅस्टिकची असतात. पॉलिस्टायरीन आणि एबीएस ह्या दोन जातींची कवचे साच्यात दाबून ओतलेली, जाड व टणक असतात. त्यांवर बारीक नक्षी उत्तम उठते आणि रंग बाहेरून देतात. एबीएस हे नाव अॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाईन व स्टायरीन या तीन घटकांच्या आद्याक्षरांवरून पडले. तिसरी जात पॉलिकार्बोनेट. ती काचेसारखी पारदर्शक, पातळ व मोठी चिवट. भिंतीवर आपटली तरी वाकून पुन्हा सरळ होते. म्हणून शर्यतीच्या गाड्यांस हेच कवच घालतात. जपानातील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ साली पोर्श ९३४ ही आपली पहिली रेडिओवर चालणारी मोटार काढली आणि तेव्हापासून हा छंद जगभर फोफावला. आमच्याकडे ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ अशी एक म्हण आहे. तीतील पूर्वार्ध येथे तरी सार्थ ठरतो. कारण पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीचे हर्मन श्नेल यांनी लावला. त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांनाही तो स्वतंत्रपणे लागला. उत्तरार्धाची लाज आता आम्हांस राखावयाची होती.

थिनरने घात का केला, याचे कारण सोपे आहे. रंगातील चिकटविणारे द्रव्य आणि हे प्लॅस्टिक ही दोन्ही लांबलचक रेणूंच्या साखळ्यांची बनलेली असतात. दोघे जणू सगोत्र. जे तीव्र द्रव एकास विरघळविते ते दुसऱ्यासही सोडीत नाही. थिनर, पेट्रोल आणि नखांचा रंग काढावयाचे अॅसिटोन यांचे असेच आहे. अॅसिटोनमध्ये एबीएस व पॉलिस्टायरीन लोण्यासारखे विरतात. पॉलिकार्बोनेट पांढरे पडते व बारीक चिरांनी भरून जाते. तेव्हा रंग कशाने निघेल हा प्रश्न दुसरा. खालचे अंग काय सोसेल हा पहिला.

सन २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी गडावर देवीच्या मूर्तीवरील शेंदुराचे वर्षानुवर्षांचे थर तज्ज्ञांनी काढले व मूळ रूप पुन्हा दिसू लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. तेथे पाषाण होता, येथे पोराचे खेळणे आहे. तथापि दोहोंकडे कसोटी एकच: काय काढले यापेक्षा काय राखले, ही.

टणक कवचासाठी आम्हांस उपयोगी पडले ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्त करणारे याच द्रवाने आतील पट्ट्या पुसतात. परभणीस आम्हांस ते अशाच एका दुकानदाराकडून मिळाले. बाटलीवर शेकडा ९९ असे लिहिलेले घ्यावे. पाणी मिसळलेले सौम्य द्रव रंगास दाद देत नाही. बिघडलेले कवच आमचे पहिले शीत झाले. त्याच्या एका कोपऱ्यावर या द्रवात भिजविलेला कापूस ठेवला. पाव तासाने रंग मऊ झाला. प्लॅस्टिक मात्र चिकटले नाही की त्याची चमक गेली नाही. दुसरे दिवशी पुन्हा पाहिले, तेव्हाही ते तसेच टणक होते. अशी परीक्षा प्रत्येक नव्या कवचावर, आतल्या न दिसणाऱ्या जागी, अवश्य करावी.

परीक्षा उतरली म्हणजे खेळण्याचे यंत्र, बॅटरी, काचा व चिकटचित्रे काढून कवच एकटे करावे. जाड पॉलिथिनच्या पिशवीत ते घालून थोडे द्रव ओतावे व तोंड घट्ट बांधावे. पिशवीमुळे थोडक्या द्रवात काम भागते आणि वाफही कोंडून राहते. पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने पाहावे. बहुतेक रंग चार तासांपासून एका रात्रीपर्यंत सुरकुततो. मग जुन्या दातांच्या ब्रशाने, रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने घासावे. न निघाल्यास पुन्हा भिजवावे, पण चाकू किंवा लोखंडी काथ्या लावू नये. शेवटी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. घट्ट करणारे दुसरे द्रव्य मिसळून दिलेले काही रंग या उपायास मुळीच जुमानत नाहीत. तेथे हट्ट न धरता चारशे ते सहाशे नंबरच्या पॉलिशपेपराने ओले घासून, पृष्ठभाग सपाट करून, वर प्रायमर द्यावे हे बरे.

पॉलिकार्बोनेटची गोष्ट निराळी. त्यास रंग आतून दिलेला असतो आणि तो पारदर्शक कवचातून बाहेर दिसतो. साहजिकच बाहेरून दिसणारा रंग हा सर्वांत आधी दिलेला, आणि आत हातास लागणारा सर्वांत शेवटचा. म्हणून जुन्यावर नवा रंग चढवून येथे काहीच साधत नाही. शिवाय या जातीसाठी केलेले रंग प्लॅस्टिकमध्ये किंचित शिरून बसतात. ते पूर्ण निघतीलच असे नाही, पुसट छटा कित्येकदा उरते. हे कवच द्रवात भिजत टाकू नये. कापसाचा बोळा ओला करून एका वेळी चार बोटे जागा पुसावी, रंग सुटला की लगेच कोरड्या फडक्याने टिपावे व पाण्याने धुवावे. स्क्रूची छिद्रे, कापलेल्या कडा आणि वळणे येथे प्लॅस्टिकमध्ये ताण असतो. चिरा प्रथम तेथेच पडतात.

कॉस्टिक सोड्याविषयी पुष्कळ जण विचारतील. घरी साबण केलेल्या गृहिणींस त्याची शक्ती ठाऊक आहे. तेलाचा तो साबण करतो, त्याच न्यायाने तैलरंगाचेही बंध तोडतो; आणि प्लॅस्टिकवरील चांदीसारखा मुलामा, जो वस्तुतः अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, तो तर थोड्याच वेळात नाहीसा करतो. एबीएस व पॉलिस्टायरीन त्यास टिकतात, परंतु पॉलिकार्बोनेटला तो खातो. डोळ्यांत एक थेंब गेला तर दृष्टीवर बेतते आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यात घातल्यास ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. मोटारीचे ब्रेक-तेल वापरणारेही आहेत. त्याने रंग निघतो, पण ते पोटात गेल्यास विष आहे आणि काही प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होते. मुलांच्या घरात या दोहोंस आम्ही थारा दिला नाही.

अल्कोहोलही निरुपद्रवी नाही. सुमारे १२ अंश सेल्सिअस उष्णतेलाच त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते. म्हणजे परभणीच्या थंडीतल्या दुपारीसुद्धा ते धोक्याचेच, मग ४० अंशांच्या पुढे जाणाऱ्या वैशाखाची कथा काय! म्हणून हे काम ओसरीवर, मोकळ्या वाऱ्यात करावे. स्वयंपाकघर, देवघरातील समई, उदबत्ती, विडीकाडी यांपासून दूर राहावे, हातात रबरी मोजे घालावे आणि बाटली मुलांच्या हाती देऊ नये. उरलेले द्रव फडक्यातून गाळून झाकून ठेवावे. पुढे उपयोगी पडते. गाळ मोरीत ओतू नये, उघड्यावर वाळवून मग टाकावा.

आता खोक्यातल्या दुसऱ्या कवचाकडे येऊ. ते मिळविण्यास आम्हांस तीन दिवस लागले. बिघडलेल्या कवचाचा उरलेला भाग आम्ही अल्कोहोलने स्वच्छ करून मुलाच्या हाती दिला. त्याने तो वाकवून पाहिला, नखाने ओरखडून पाहिला आणि मग खोके उघडले. “आधी आतल्या कोपऱ्यात,” असे तोच आम्हांस बजावून म्हणाला.

ओसरीवर आम्ही, तो व त्याचे वडील असे तिघे बसलो. आधी आतला चांदीसारखा थर गेला, मग लाल रंग मऊ पडू लागला. छपराजवळ येता येता आमच्या पुतण्याने एकाएकी आमचा हात धरला. लाल रंगाखाली, अगदी प्लॅस्टिकला लागून, पांढऱ्या रंगात सातचा आकडा होता. वाकडा, एका बाजूस जाड. तो त्याने स्वतः अकराव्या वर्षी कुंचल्याने काढला होता. आम्हांस वाटले, तो म्हणेल की हे राहू द्या. पण तो काहीच बोलला नाही. कवच आता त्याच्या मुलाचे होते. मुलाने आकडा निरखून पाहिला व विचारले, “एवढा ठेवून बाकीचा काढता येईल?”

काढता आला. काडीस कापूस गुंडाळून, आकड्याच्या कडेकडेने, दीड तास लागला. सातच्या शेंड्याचा एक टवका गेला आणि कडेस गुलाबी छटा राहिली, ती आम्ही लपविली नाही. दुसरे दिवशी आतून निळा रंग दिला. तो आकड्याच्या मागे बसला आणि बाहेरून निळ्यावर पांढरा सात उठून दिसू लागला. भाऊबीजेच्या दुपारी कृषी विद्यापीठाच्या बाजूस एका मोकळ्या मैदानावर गाडी धावली. मुलाने प्रथम रिमोट वडिलांच्या हाती दिला.

बिघडलेले कवच आम्ही टाकलेले नाही. त्याचे तुकडे एका डब्यात आहेत, नव्या द्रवाची पारख करावयास. डब्यावर वहिनींनी खडूने एकच शब्द लिहिला आहे: ‘शीत’. ज्या वाचकांच्या माळ्यावर असे एखादे खोके असेल त्यांनी ते जरूर खाली काढावे. मात्र थिनरचा डबा उघडण्यापूर्वी कवचाच्या आतील अक्षरे वाचावी, एवढीच आमची विनंती.