भातखाचरे आणि पाणथळ पक्षी

कार्तिकाच्या सुमारास ठाणे खाडीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागतात व वैशाखापर्यंत तेथे चरतात, ही गोष्ट आता सर्वश्रुत झाली आहे. २०१५ साली राज्य शासनाने खाडीचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केले आणि २०२२ साली ठाणे खाडीस रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा लाभला. हौशी लोक ऐरोलीहून नावेत बसून पक्षी पाहावयास जातात. हे सर्व स्तुत्यच होय. परंतु पक्षी म्हणजे केवळ रोहित आणि पाणथळ म्हणजे केवळ खाडी, असा जो समज त्यामुळे दृढ होऊ पाहत आहे, तो अपुरा आहे.

खाडीपासून पूर्वेस, उल्हास नदीच्या दोन्ही अंगांस, कल्याण व अंबरनाथ तालुक्यांतील भातखाचरे पसरली आहेत. डोंबिवलीजवळील भोपर, पडले या गावांच्या शिवारात पक्षिनिरीक्षक दुर्बिणी घेऊन हिंडतात, ते या खाचरांसाठी व लगतच्या वरकस माळासाठी. चिखलणी चालू असता नांगरामागे अथवा ट्रॅक्टरमागे चालणारे गायबगळे, बांधावर निश्चल उभा असलेला वंचक, कापणीनंतर ओलसर खाचरात शेपटी हालवीत फिरणारे धोबी आणि हिवाळ्यात माळावर घिरट्या घालणारे भोवत्ये यांची ही वसतिस्थाने आहेत. तारेवर बसलेला कोतवाल किडे टिपतो. गव्हाणी घुबड रात्री उंदीर मारते. सुगरण व मुनिया कणसांतील दाणे खातात, हेही लपविण्याचे कारण नाही. मात्र सुगरण आपल्या पिलांना प्रामुख्याने किडे भरविते, हे तिच्या खात्यावर जमा धरले पाहिजे.

मग या खाचरांचे रक्षण कोण करतो? २०१७ च्या पाणथळ जमीनविषयक केंद्रीय नियमांत पाणथळीची जी व्याख्या दिली आहे, तीतून नदीपात्रे, भातशेती व मिठागरांसाठी केलेली बांधकामे वगळण्यात आली आहेत. १९७१ च्या रामसर करारात मात्र भातखाचरांची गणना मानवनिर्मित पाणथळींत होते. भातशेती वगळण्यात शहाणपण नव्हते असे नाही. तसे न करते तर बांध दुरुस्त करावयासही शेतकऱ्यास परवानगी मागत फिरावे लागले असते. तथापि याचा दुसरा परिणाम असा की, खाचरात मातीचा भराव पडू लागला तर या नियमांचा अडसर त्यास होत नाही. भराव एका खाचरात पडतो, पण पाणी शेजारच्या खाचरात तुंबते. ओहोळ बुजला की वरच्या अंगाचा निचरा थांबतो, लावणी कुजते आणि कंटाळून तोही शेतकरी जमीन विकावयास काढतो. पक्षी जातात ते याच क्रमाने.

म्हणून खाचरांना नियमांत ओढण्याची मागणी कोणी करीत असेल, तर ती योग्य वाटत नाही. त्यापेक्षा शहराच्या विकास आराखड्यात ओहोळ व त्यांचे काठ आधी राखून ठेवावेत आणि जो शेतकरी खाचर पिकते ठेवतो त्यास त्याबद्दल काही मोबदला मिळावा. पक्षी दाखविण्याचे उत्पन्न नावाड्यास मिळते, त्यात वावगे काही नाही. परंतु ज्याच्या बांधावर उभे राहून शहरातील मंडळी छायाचित्रे घेतात, त्याच्या पदरी बहुधा तुडविलेला बांधच येतो. पक्षिनिरीक्षकांनी धन्यास विचारून शिवारात जावे, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

शेतकरीबंधूंच्याही हाती काही गोष्टी आहेत. उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनसारखे विष घातल्यास मेलेले व अर्धमेले उंदीर रोज गोळा करून पुरावेत; ते खाऊन घुबडही दगावते. उभ्या पिकात पक्ष्यांना बसावयास काठ्या रोवाव्यात आणि दाणा भरू लागताच त्या काढून घ्याव्यात, नाहीतर दाणे खाणाऱ्यांचीच सोय होते. रंगीत पाणलाव्याचे घरटे पाण्यालगतच्या गवतात जमिनीवर असते. अंडी उबविण्याचे व पिले सांभाळण्याचे काम या जातीत नर करतो. बांध साफ करताना असे घरटे आढळल्यास तेवढा गवताचा पुंजका पिले बाहेर पडेपर्यंत विळ्यातून वगळावा.