खुबा मोडल्याची शंका

न्हाणीघरात घसरून पडलेल्या आजींना काखेत हात घालून लगेच उभे करू नका. आधी पायाकडे पाहा. पाय आखूड भासत असेल, पाऊल बाहेर वळले असेल, जांघेत तीव्र वेदना असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याचा संशय धरावा. उशांचा आधार देऊन पाय आहे तसाच ठेवावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तेल चोळणे, पाय ओढणे वर्ज्य. चहाही नको, भूल द्यावी लागू शकते. मोडलेली टोके एकमेकांत रुतली असता काही रुग्ण लंगडत चालतातही, हे ध्यानी असू द्यावे.

“या वयात शस्त्रक्रिया कशाला?” हा प्रश्न हमखास येतो. अंथरुणाला खिळल्यावर न्यूमोनिया आणि शय्याव्रणे वृद्धांनाच अधिक गाठतात, म्हणूनच ती शक्यतो ४८ तासांत व्हावी.