आधी कोळसा, मग अणू

१५ एप्रिल २०२३ च्या रात्री जर्मनीने आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. दुसऱ्याच दिवशी फिनलंडमध्ये ओल्किलुओतो येथील नव्या अणुभट्टीतून नियमित वीजनिर्मिती सुरू झाली. दोन्ही देश सधन, दोन्हीकडचे नागरिक पर्यावरणाबाबत जागरूक. तरीही निर्णय परस्परविरुद्ध. मग बरोबर कोण? या प्रश्नाची चर्चा बहुधा बॉम्ब, परराष्ट्र धोरण आणि खर्च यांभोवती फिरते. तो आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिला, तर उत्तर बरेच स्पष्ट होते.

अणुऊर्जेची भीती निराधार नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिलला स्फोट झाला, तेव्हा दोन कामगार तत्काळ दगावले आणि पुढच्या काही महिन्यांत तीव्र किरणोत्सर्गाने आणखी २८ जण गेले. त्याहून मोठी हानी दुधातून झाली. हवेतले किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर बसले, गाईंच्या पोटात गेले आणि दुधावाटे मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत साठले. पुढे हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. या आयोडीनची तीव्रता दर आठ दिवसांनी निम्मी होते. म्हणजे काही आठवडे ते दूध मुलांना दिले नसते, तर यातले बरेच आजार टळले असते. पण सोव्हिएत सरकारने माहिती दडवली. किरणोत्सर्गाइतकेच हे मौनही घातक ठरले.

फुकुशिमाची गोष्ट वेगळी आहे. २०११ च्या त्सुनामीनंतर तिथल्या दीड लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. किरणोत्सर्गाने मृत्यू झाल्याचे जपान सरकारने एका कामगाराच्या बाबतीत मान्य केले आहे. मात्र घाईचे स्थलांतर, उपचारांतला खंड आणि उखडलेले आयुष्य अशा कारणांनी त्या प्रांतात दोन हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत बहुतांश वृद्ध होते. म्हणजे अपघाताची तयारी नसणे हाही एक जीवघेणा आजारच.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, ते पाहू. कोळसा जळताना निघणारे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात, तिथून रक्तात उतरतात. हृदयविकार, पक्षाघात, दमा, फुप्फुसाचा कर्करोग या सगळ्यांचा धोका त्यांनी वाढतो. चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रांच्या आसपास राहणाऱ्यांना राख म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. तेवढीच वीज निर्माण करताना होणारे मृत्यू मोजले, तर अपघात धरूनही अणुऊर्जेचा आकडा कोळशाच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी येतो. फरक इतकाच, की अणुभट्टीचा अपघात एका दिवसात जगभर बातमी होतो आणि कोळशाचा बळी मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’ म्हणून नोंदला जातो.

जर्मनीची चूक इथे झाली. अणुभट्ट्या २०२३ मध्ये बंद झाल्या. कोळशाची कायद्याने ठरलेली अंतिम मुदत मात्र २०३८ ची. या धोरणामुळे वाढलेल्या हवाप्रदूषणाने वर्षाला सुमारे १,१०० अतिरिक्त मृत्यू होत असावेत, असा अंदाज तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये मांडला. पवन आणि सौर ऊर्जेत जर्मनीने मोठी मजल मारली, कोळशाचा वापरही घटला, हे खरेच. पण सुस्थितीतल्या अणुभट्ट्या चालू ठेवल्या असत्या, तर तो आणखी लवकर घटला असता.

याचा अर्थ नव्या अणुभट्ट्या वाटेल तिथे उभाराव्यात, असा नाही. ओल्किलुओतोचे काम २००५ मध्ये सुरू झाले आणि चार वर्षांत पुरे व्हायचे होते. लागली सुमारे १८. फ्रान्समधल्या फ्लामानव्हिलला त्याच बनावटीच्या अणुभट्टीचे काम २००७ मध्ये सुरू झाले आणि तिची वीज ग्रीडमध्ये आली डिसेंबर २०२४ मध्ये. जैतापूरला प्रस्तावित असलेल्या सहा अणुभट्ट्या याच बनावटीच्या आहेत. इतकी वर्षे वाट पाहायची, तर तोवर धूर कोण गिळणार? सौर प्रकल्प एक-दोन वर्षांत उभा राहतो. सूर्य मावळल्यावरची गरज साठवणुकीतून किती भागेल आणि उरलेल्यासाठी अणुऊर्जा किती लागेल, हा हिशेब खुलेपणाने मांडायला हवा.

भारतात सुमारे तीन टक्के वीज अणुऊर्जेतून येते, तर सत्तर टक्क्यांहून अधिक कोळशातून. अशा देशाने चालू, सुरक्षित अणुभट्ट्या कोळशाआधी बंद करणे आरोग्याच्या दृष्टीने तोट्याचेच. पण त्या चालवण्याचा नैतिक हक्क मिळवायचा, तर चेर्नोबिल आणि फुकुशिमाचे धडे अमलात यायला हवेत. केंद्राभोवतीच्या किरणोत्सर्गाच्या नोंदी स्थानिकांना समजतील अशा भाषेत रोज जाहीर व्हाव्यात. स्थलांतराचे सराव रुग्णालये आणि वृद्धांना धरून व्हावेत. परिसरातल्या कर्करोगाची नोंद स्वतंत्र संस्थेने ठेवावी. आणि हेच नियम औष्णिक केंद्रांनाही लागू करावेत. कोकणातल्या मच्छीमाराला अणुभट्टीविषयी जे प्रश्न पडतात, ते विचारण्याचा हक्क चंद्रपूरच्या दमेकऱ्यालाही आहे.