एका घरात दोन कारभारी

एका संगणकावर दोन कार्यप्रणाली नांदविणे हा रिकामटेकड्या तरुणांचा उद्योग आहे, शहाण्या गृहस्थाने त्याच्या वाटेस जाऊ नये, असे मत आमच्या सुशिक्षित मंडळींत रूढ झाले आहे. हे मत आम्हांस सर्वथैव अमान्य आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नित्याची देखभाल थांबविली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व नवा प्रोसेसर आवश्यक ठरविला. तेव्हापासून राधानगरीसारख्या तालुक्याच्या गावीही धडधाकट यंत्रांस भंगार म्हणण्याची चाल पडली आहे. मुलांच्या शिक्षणासाठी पोटास चिमटा घेऊन आणलेले यंत्र, केवळ विकणाऱ्याची मर्जी फिरली म्हणून, मोडीत का काढावे?

विंडोज समूळ काढून टाका, असे सांगणारे दुसऱ्या टोकाचे. दुकानदाराची टॅली त्यांनी पाहिलेली नसावी. डिस्कचा चाळीस-पन्नास जीबीचा भाग मोकळा करून तेथे लिनक्स बसवावी. यंत्र सुरू होताच कोणती प्रणाली हवी ते विचारते. बँक, पत्रव्यवहार, वाचन लिनक्सवर करावे. हिशेब विंडोजवर, आणि तोही इंटरनेट तोडून.

विरोधकांचा लाडका दाखला घड्याळाचा. लिनक्समधून विंडोजमध्ये परतले की कित्येकदा वेळ साडेपाच तास मागे दिसते, हे खरे. यंत्रातील घड्याळ एक प्रणाली जागतिक वेळेचे मानते, दुसरी स्थानिक वेळेचे. एका आज्ञेने दोघींचे एकमत होते. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत जपली. तेवढ्यासाठी कोणी घड्याळे समुद्रात फेकली नाहीत!

खरा धोका निराळाच आहे, आणि त्याविषयी ही मंडळी अवाक्षर काढीत नाहीत. डिस्कची विभागणी चुकली तर सर्व संग्रह जातो. बिटलॉकरची किल्ली टिपून ठेवली नसेल तर मालकच दाराबाहेर राहतो. आमची कित्येक वर्षांची टिपणे आमच्याच उतावळेपणाने अशी गेली. म्हणून आधी सर्व काही बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. आणि आमच्या गावी तरी, बॅटरी नसलेल्या यंत्रावर, हे काम आषाढ-श्रावणात काढू नये.

केरळच्या सरकारी शाळांतील मुले लिनक्सवर वर्षानुवर्षे शिकत आली आहेत. आमच्या मुलांस ती झेपणार नाही असे म्हणणाऱ्या पालकांनी मुलांस एकदा विचारून तरी पाहिले आहे काय?