आरसीवर नसलेला रकाना

गेल्या दोन अंकांपासून वाचकांची जी पत्रे येत आहेत, त्यांत सर्वाधिक पत्रे एकाच तक्रारीची आहेत. टोचनाच्या गाडीचा गिअरबॉक्स बदलला आणि पासिंगला गाडी अडली. पत्र लिहिणारे वेगवेगळ्या जिल्ह्यांतले आहेत, गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत, पण शेरा जवळपास सारखाच. त्यातला एक शेरा आम्ही स्वतः वाचला आहे. घाटाच्या तोंडाशी वर्षानुवर्षे क्रेन लावून बसणाऱ्या एका वाचकाने त्याची प्रत पाठवली. गाडी बीएस-3 काळातली सोळा टनी, मागे हायड्रॉलिक बूम आणि विंच. जुना पाच स्पीडचा बॉक्स काढून त्याच कंपनीच्या मल्टिॲक्सल गाडीचा नऊ स्पीडचा बॉक्स बसवलेला, रीतसर बिलाने घेतलेला. शेरा असा: ‘गिअरबॉक्स क्रमांक जुळत नाही.’

कशाशी जुळत नाही? आरसीवर चेसी नंबर आहे, इंजिन नंबर आहे, हॉर्सपॉवर, सीसी, व्हीलबेस, रिकामे वजन, भरलेले वजन, ॲक्सलवार भार, टायरचा साइज, सगळे आहे. गिअरबॉक्सच्या क्रमांकाला रकानाच नाही. पूर्वीच्या आरसी बुकात नव्हता, आजच्या कार्डावरही नाही. मग इन्स्पेक्टरसाहेबांनी कोणता क्रमांक वाचला? पत्रात त्याचे वर्णन आहे. साहेब चेसीखाली वाकले, मोबाइलचा टॉर्च लावला, क्लीनरने वेस्ट कॉटनने केसिंगवरचे ग्रीस पुसून दिले आणि केसिंगवर उठावाचे जे आकडे दिसले ते साहेबांनी कागदावर उतरवून घेतले. आपल्यातला कालचा हेल्परही सांगेल की तो कास्टिंग नंबर आहे. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक केसिंगवर तोच नंबर असतो. बॉक्सचा खरा सिरियल नंबर रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी बाजूलाच, ग्रीसखाली होती. हजारो बॉक्सांवर सारखा असलेला आकडा अस्तित्वातच नसलेल्या नोंदीशी ताडून पाहिला आणि एका माणसाची रोजीरोटीची गाडी तीन आठवडे उभी केली. यात चीड येण्यासारखे काही नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा कामाच्या दिवसांत तीन आठवडे गाडी उभी करून पाहावी.

कायदा काय म्हणतो ते नीट वाचू या, कारण आपल्यातल्या पुष्कळांनी तो एजंटाच्या तोंडूनच ऐकलेला आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. मालकाने गाडीत असा बदल करू नये, की ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा ठरेल. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने 182-अ हे कलम नव्या रूपात आले. बेकायदा बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हे कायदे योग्य आहेत. चेसी लांबवणारे, वजन चोरणारे आणि साध्या ट्रकवर काहीही उभे करणारे लोक आपल्या धंद्यात आहेत आणि त्यांना आवर बसलाच पाहिजे. पण कलमाचा सगळा भार आरसीतल्या तपशिलावर आहे. ज्या भागाचा आरसीत उल्लेखच नाही, त्याच्या बदलाने आरसीतला तपशील वेगळा कसा होतो, याचे उत्तर कोणत्याही काउंटरवर मिळत नाही. एक मुद्दा मात्र आम्ही मान्य करतो. नऊ स्पीडचा बॉक्स जड असतो, त्यामुळे रिकामे वजन वाढते आणि ते आरसीवर आहे. मग काट्यावर वजन करा, पावती लावा, तफावत दिसली तर त्यावर बोला. तसे कोणी करत नाही. ‘कंपनीचे पत्र आणा’ एवढेच सांगितले जाते, आणि ज्या मॉडेलचे उत्पादन केव्हाच बंद झाले त्याचे पत्र कंपनी देत नाही. शेजारच्या जिल्ह्यात तीच जोडणी असलेली गाडी एकही प्रश्न न विचारता पास होते.

पासिंगच्या त्रासापलीकडे याचा एक परिणाम आहे, तो जास्त गंभीर आहे. माणसे आता गिअरबॉक्स भार पाहून निवडत नाहीत, इन्स्पेक्टरला काय दिसणार नाही ते पाहून निवडतात. बाहेरून जुन्यासारखा दिसणारा, त्याच लिव्हरवर बसणारा पाच-सहा स्पीडचा बॉक्स आणायचा आणि काम चालवायचे. ही निवड घाटात किती महाग पडते ते आकड्यांत पाहा.

टोचनाची गाडी 12 टन धरा, मागे भरलेली दहाचाकी 28 टन. 2018 च्या वाढीव भारानंतर दहाचाकीचे कायदेशीर वजनच साडेअठ्ठावीस टनांपर्यंत आहे, तेव्हा हे अतिशयोक्तीचे नाही. एकूण 40 टन, चढ सहा टक्के. चढाची ओढ 2.4 टन, टायरची साधारण 400 किलो, मिळून 2.8 टन. टायरची त्रिज्या अर्धा मीटर धरली तर चाकावर सुमारे 13,700 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. इंजिनचा टॉर्क 400, पहिला गिअर 7, क्राऊन-पिनियन 6, पंधरा टक्के घट धरली तर हाती येतात 14,280. म्हणजे काठावर, आणि तेही इंजिन भर टॉर्कवर असताना. चढावर थांबलेली गाडी उचलताना क्लच सोडतेवेळी तो टॉर्क मिळत नाहीच. म्हणून क्लच प्लेट जळते आणि दोष प्लेटच्या कंपनीला दिला जातो.

आता वेग पाहा. 130 हॉर्सपॉवरचे इंजिन हा भार त्या चढावर ताशी दहा-अकरा किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने नेऊच शकत नाही, बॉक्स कोणताही घाला. गिअरबॉक्स हॉर्सपॉवर वाढवत नाही, हे ग्राहकाला पहिल्या दिवशी सांगा. त्या वेगाला 2,400 आरपीएमवर जो रेशो लागतो तो सातच्या आसपासचा. नेहमीच्या सहा स्पीडमध्ये पहिला साधारण नऊ आणि दुसरा पाच-सव्वापाच. पहिल्यात इंजिन ओरडते, दुसऱ्यात दम तोडते, आणि ड्रायव्हर अख्खा घाट या दोन्हींमध्ये खाली-वर करत काढतो. नऊच्या खाली सातच्या आसपासचा गिअर असलेला बॉक्स तोच घाट एका गिअरवर चढतो. टोचनाच्या गाडीला नऊ स्पीड लागतो तो या एका मधल्या गिअरसाठी. ओव्हरड्राइव्हचा मोह तर सोडूनच द्या. टोचन करताना ताशी 24 किलोमीटरची मर्यादा 1989 च्या रस्ता नियमांत ठरलेली होती. त्या वेगाला डायरेक्ट टॉपसुद्धा जड जातो.

क्रॉलर बारा-साडेबाराचा मिळतो म्हणून खूश होणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. सातऐवजी बाराने गुणलात तर प्रोपेलर शाफ्टवर पावणेदोन पट टॉर्क जातो. क्रॉस, सेंटर बेअरिंग, क्राऊन-पिनियन जुनेच ठेवले तर तुटण्याची जागा फक्त मागे सरकते. क्रॉलरवर हाफ थ्रॉटलच्या वर जायचे नाही, ही सूचना ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर रंगवून द्या.

पीटीओबद्दल बहुतेक जण पंप चालू केल्यावर जागे होतात. नव्या बॉक्सची पीटीओची खिडकी दुसऱ्या बाजूला असू शकते आणि पंप उलटा फिरू शकतो. उलट्या दिशेने फिरवलेल्या गिअर पंपाचे शाफ्ट सील पहिल्याच दिवशी जाते आणि बूम हवेत अडकते, खाली माणसे असतात. बॉक्स घेण्याआधी खिडकी, फिरण्याची दिशा आणि आरपीएम पाहा. रेंज बदलायची हवा ब्रेकच्या टाकीतून सरळ टी मारून घेऊ नका, प्रोटेक्शन व्हॉल्व्हच्या पुढून स्वतंत्र घ्या. आणि उतारावर, मागे 28 टन लोंबकळत असताना, झिजलेल्या हबमुळे गिअर सुटला तर पुढे काय होते ते आपण सर्वांनी दरीत पाहिलेले आहे. जुना बॉक्स उघडून डॉग दात आणि हब न तपासता बसवणाऱ्या मिस्त्रीला आम्ही मिस्त्री म्हणत नाही.

बीएस-6 गाड्यांना यातले काहीही लागू नाही. तिथे ईसीयू गिअर आणि वेगाचा हिशेब ठेवतो. हात लावू नका.

अधिकाऱ्यांवर एवढे लिहिल्यावर आपल्या लोकांबद्दलही लिहायला हवे. आलेल्या पत्रांपैकी फार थोड्यांसोबत बॉक्सचे बिल होते. बाकीच्यांनी तो भंगार बाजारातून रोखीने उचललेला. ज्या बॉक्सची पट्टी तासून टाकली आहे, ती का तासली हे विचारायचे सोडून ‘दोन हजार कमी करा’ म्हणणारे गॅरेजमालक आपलेच सभासद आहेत. ॲडाप्टर प्लेट लेथवर करून आणायची, चार बोल्ट आवळायचे आणि बेल हाउसिंगला डायल गेज लावायचाच नाही. मग सहा महिन्यांत इनपुट बेअरिंग गेले की बॉक्सला शिव्या. गेज फ्लायव्हीलला बांधून हाउसिंगच्या बोअरमध्ये एक फेरी फिरवायला अर्धा तास लागत नाही. जॉबकार्ड नाही, बसवतानाचे फोटो नाहीत, वजनाची पावती नाही. उद्या अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरने विचारले तर दाखवायला काय आहे? अशा हातांनी आपण परिवहन खात्याकडे न्याय मागायला गेलो तर ते पहिल्या प्रश्नालाच आपल्याला परत पाठवतील.

आमची मागणी एका परिपत्रकाची आहे. परिवहन आयुक्त कार्यालयाने सर्व कार्यालयांना लेखी कळवावे की त्याच उत्पादकाचा, इंजिनच्या टॉर्कइतक्या किंवा त्याहून जास्त क्षमतेचा मॅन्युअल गिअरबॉक्स बसवल्यास तो कलम 52 खालचा बदल मानायचा की नाही. मानायचा नसेल तर बिल, जॉबकार्ड आणि काट्याची पावती पुरेशी धरावी. मानायचा असेल तर अर्ज कोणत्या नमुन्यात, किती दिवसांत निर्णय, हे सांगावे. ‘नाही’ असे उत्तर आले तरी आम्हाला चालेल. निदान लोक त्या गाड्यांवर पैसे घालणार नाहीत आणि टोचनासाठी योग्य बॉक्सची गाडीच विकत घेतील. उत्तरच न देणे मात्र चालणार नाही, कारण त्या गप्प बसण्याची किंमत घाटात मोजली जाते.

यासाठी कागद लागतील. ज्यांची गाडी गिअरबॉक्सवरून अडली आहे त्यांनी शेऱ्याची प्रत, बॉक्सच्या सिरियल पट्टीचा स्पष्ट फोटो, खरेदीचे बिल आणि बदलाच्या आधीचे व नंतरचे वजन, एवढे चारही कागद एकत्र पाठवा. ज्यांची तीच जोडणी विनातक्रार पास झाली त्यांचेही कागद हवेत, किंबहुना तेच जास्त हवेत. दोन कार्यालयांतला फरक त्यांच्यामुळेच दाखवता येईल. गाडीचा नंबर आणि मालकाचे नाव आम्ही छापणार नाही. बिल नसेल तर पत्र पाठवू नका. आधी ज्याच्याकडून बॉक्स घेतला त्याच्याकडे जा आणि बिल घेऊन या.