जागा भरलेली आहे

मंडळी, या विकांताला जरा कडू गोळी. आवडली नाही तर थुंकून टाका, पण आधी चघळून तर बघा.

माझ्या पिढीतल्या ख्रिस्ती पोरांचं एक लाडकं वाक्य आहे. "काय रे, उपासनेला दिसला नाहीस?" असं विचारलं की उत्तर तयार असतं, "अबे, टाईम कुठे आहे? रिलीज सुरू आहे ना यार!" मिहानमधला असो, पुण्याला गेलेला असो की घरी बसून काम करून राहिला असो, उत्तर तेच. मीही कोड लिहूनच पोट भरतो, त्यामुळे रिलीज म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. आणि म्हणूनच ठासून सांगतो, हे कारण खोटं आहे.

साधा हिशोब करा. आठवड्याचे तास १६८. उपासना दीड तासाची. म्हणजे पुरता एक टक्कासुद्धा नाही! तेवढा वेळ तर आपण रात्री कोणता सिनेमा बघायचा हे ठरवण्यात घालवतो, आणि शेवटी न बघताच झोपतो.

मग दोष कोणाचा? फोनचा, असं म्हणायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. फोन कोणाच्या घरात कुलूप तोडून शिरत नाही. दार उघडं आणि खोली रिकामी दिसली की तो येऊन बसतो. आपली खरी अडचण वेगळी आहे. आपलं बरं चाललंय.

नाताळच्या नाटकात एक सराईवाला असतो बघा, "जागा नाही!" म्हणून ओरडणारा. दरवर्षी हा रोल कोणीतरी दणक्यात करतो आणि आपण हसतो. गंमत म्हणजे शुभवर्तमानात असा माणूसच नाही. लूकने कुठल्याही खलनायकाचं नाव घेतलेलं नाही, नकाराचा संवादही दिलेला नाही. उतरायच्या ठिकाणी जागा नव्हती, बस्स. कोणी दुष्टपणा केला नाही. जागा आधीच भरलेली होती. मला तरी यापेक्षा भीतीदायक काही वाटत नाही, कारण आपलंही नेमकं तसंच आहे. आपण ख्रिस्ताला नाकारलेलं नाही. फक्त ईएमआय, अप्रेझल, जिम आणि ग्रुपवरचे फॉरवर्ड यांनी खोल्या आधीच बुक केल्यात.

आता बिझी माणसं कशी असतात ते आपल्याच गावात बघू. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आला. त्याने शाळा चालवल्या, भाषा शिकला, इथल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला, गोंडांची गाणी आणि शब्द गोळा केले. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात तो बुडाला. त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ साली निघालं. या माणसाचं कॅलेंडर आपल्यापेक्षा रिकामं होतं असं कोणाला म्हणायचंय का? पण त्याच्या सगळ्या कामांच्या मुळाशी एकच गोष्ट होती. आपली कामं कमी, मुळं मात्र छप्पन.

दुसरं उदाहरण नारायण वामन टिळकांचं. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. टिळक पेन्सिल घेऊन वाचायला बसले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घरादाराने मोजली. लक्ष्मीबाई बरीच वर्षं दूर राहिल्या, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने, नवऱ्याने केलं म्हणून नाही. पुढे १९१७ मध्ये, पंचावन्न उलटल्यावर, टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. आपण पंचावन्नाव्या वर्षी काय मांडणार आहोत? एक्सेल शीट?

त्यांनी किंमत मोजली आणि आपल्याला फुकटात मिळालं. फुकटातलं सॉफ्टवेअर जसं आपण इन्स्टॉल करून विसरतो, तसंच या विश्वासाचं झालंय. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. त्याची बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे तब्बल ४१ वर्षं! एकत्र बसायला त्यांनी ४१ वर्षं दिली, आणि आपल्याला शेजारच्या बाकावरच्या माणसाचं नाव माहीत नसतं.

इथे काहीजण म्हणतील, "देव काय फक्त चर्चमध्येच असतो का? मी काम प्रामाणिकपणे करतो, तीच माझी भक्ती." ऐकायला छान आहे. पण प्रामाणिक काम तर माझा नास्तिक टीममेटही करतो, कदाचित माझ्यापेक्षा चांगलं. आणि हेच लॉजिक घरी लावून बघा. बायकोला सांगा, "मी तुझ्यासाठीच तर कमावतो, मग तुझ्याशी बोलायची गरज काय?" मग काय होतं ते मला कळवा :)

दुसरी तक्रार, प्रवचन बोअर होतं. कधीकधी होतं, मान्य. पण आपण तिथे गिऱ्हाईक म्हणून जातो, रेटिंग द्यायला. मंडळी म्हणजे सेवा पुरवणारी कंपनी नव्हे. संडे स्कूलला शिक्षक मिळत नाहीत आणि आपण मागच्या बाकावर बसून पाळकांचे मार्क कापून राहिलो!

आपल्या विश्वासाला बाहेरून धोका आहे म्हणून आपण तावातावाने मेसेज पाठवतो. काही ठिकाणी तो धोका खराही आहे. पण विरोधात तगलेली मंडळी इतिहासात पुष्कळ सापडतील. आतून रिकामी झालेली कशी तगेल? आपल्या आज्यांना टिळकांची पदं पाठ होती. आपल्या पोरांना त्यातलं एक तरी येतं का? त्यांना मराठी शास्त्र वाचता येतं का? ही पोरं उद्या बंड करून विश्वास सोडणार नाहीत हो. त्यांना सोडण्यासारखं काही मिळालेलंच नसेल.

मग करायचं काय? संन्यास घ्या असं मी म्हणत नाही. तीन गोष्टी. एक, ऑन-कॉलचं रोस्टर लागायच्या आधीच रविवारची सकाळ मागून घ्या, आणि बदल्यात दिवाळीची ड्यूटी स्वतः उचला. सहकारी आनंदाने हो म्हणतात, आणि व्यवहारही सरळ राहतो. दोन, सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं वचन आणि प्रार्थना. आधी म्हणजे आधीच! तीन, मंडळीत एक काम अंगावर घ्या, असं की तुम्ही गेला नाहीत तर अडेल.

जागा आपोआप होत नाही, मंडळी. भरलेल्या खोलीतलं काहीतरी उचलून बाहेर ठेवावं लागतं. काय ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण या रविवारच्या आत ठरवावं.