सावड गेली, शेजाराचे काय?

यंदा डिसेंबरच्या मध्यावर ज्यांनी कलिंगडाची लागवड केली, त्यांनी हवामानाबरोबर चंद्राचाही हिशेब मांडला होता. मल्चिंगवर लावलेले संकरित कलिंगड साधारण ६५ ते ७५ दिवसांत तोडणीला येते. रमजान १९ फेब्रुवारीला सुरू होणार, म्हणजे फळ त्याच सुमारास बाजारात हवे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, म्हणून लागवडही तेवढीच अलीकडे ओढावी लागते. ज्या घरात कधी कुणी रोजा धरला नाही, त्या घरच्या शेतकऱ्यालाही हिजरी महिना कधी लागतो हे पाठ असते. शहरात रमजान म्हटला की रोषणाई, खाऊगल्ल्या आणि पुढाऱ्यांच्या इफ्तार पार्ट्या आठवतात. गावात तो असा वावरातून येतो.

हिंदू पंचांगातही महिने चंद्राचेच आहेत. पण दर तीनेक वर्षांनी अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतले जाते. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०१६ आणि २०१७ मध्ये तो जूनमध्ये होता. रोजा धरलेल्या शेतकऱ्याने चौदा-साडेचौदा तास पाण्याचा थेंब न घेता पेरणी केली. आता तो हरभऱ्याच्या काढणीत आणि गव्हाच्या ओंबीत आला आहे. २०३० साली तर तो दोनदा येईल, जानेवारीच्या आरंभी आणि पुन्हा डिसेंबरअखेर, ऐन हुरड्याच्या दिवसांत. शेतात राबणाऱ्या रोजेदाराला या फेऱ्यात प्रत्येक पीक एकदा तरी उपाशीपोटी भेटते. आणि ज्या हंगामात अंग चालत नाही, त्या हंगामात शेजारी लागतो.

हा शेजारी एकेकाळी ‘सावड’ या शब्दात होता. आज तो शब्द अनेक तरुणांना समजावून सांगावा लागतो. एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबायचे, ती सावड. एकाकडे एकच बैल असेल तर दुसऱ्याचा एक आणून जोडी जुळवायची, हीही सावडच. इर्जिक त्याहून मोठी. एखाद्याचे काम अडले की गावातली औते एका दिवसासाठी त्याच्या रानात उतरत. मजुरी नसे, त्या दिवशीचे जेवण मात्र त्याच्याकडे असे. काळ्या, चिवट रानात लोखंडी नांगर ओढायला एक जोडी पुरत नसे, तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत. एवढे बैल एका घरी असणे दुर्मीळ होते. म्हणून माणसे जुळवावी लागत.

हे जुळवणे धर्म पाहून करणे परवडणारे नव्हते. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार मुस्लिमांचे प्रमाण साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यांतले ७० टक्क्यांहून अधिक शहरांत राहतात. म्हणजे खेड्यांत बहुतेक ठिकाणी मुस्लिमांची दहा-वीस घरेच असतात. दहा घरांत आपापसात सावड होत नाही. मुलाण्याचा बैल पाटलाच्या बैलाशेजारी जुंपला जाई, तो दोघांनाही गरज होती म्हणून. इर्जिकीच्या जेवणात मटण असेल तर बकरे कापायला मुलाण्याला बोलावणे जाई. पिंजारी गाद्या पिंजून देई, बागवान माळव्याचा व्यापार करी, तांबोळ्याची पाने आणि मण्याराच्या बांगड्या घरोघर पोचत. आज भाषणांत ज्याला सलोखा म्हणतात, तो त्या काळी वेगळ्या नावाने कुणी ओळखत नव्हते. तो कामाचाच एक भाग होता.

मग ट्रॅक्टर आला, आणि त्याने खूप भले केले, हे आधी सांगितले पाहिजे. बैलजोडीला एक एकर नांगरायला दोन-तीन दिवस लागत. ट्रॅक्टर ते तास-दोन तासांत करतो. पावसाने चार दिवसांची उघडीप दिली तर तेवढ्यात पेरणी उरकता येते. बैलाच्या मानेवरचे घट्टे आणि औतामागे चालणाऱ्याच्या पायांतल्या भेगा, दोन्ही कमी झाले. रोजेदार शेतकऱ्याला तर ट्रॅक्टर वरदानच वाटावा. सहरीनंतर थंड वेळेत काम सुरू केले की ऊन चढायच्या आत रान तयार. देशात आता वर्षाला आठ लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले जातात. दुसरीकडे २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान नर गोवंशाची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. गोठा रिकामा झाला आणि त्याबरोबर जोडी जुळवण्याची गरजही गेली.

पण ट्रॅक्टर सगळ्यांकडे नाही, असणे शक्यही नाही. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातील शेतकऱ्याची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. सव्वातीन एकरांवर ट्रॅक्टरचे हप्ते फिटत नाहीत. म्हणून बहुतेक जण भाड्याने काम करून घेतात. नांगरणीचा एकरी दर, रोटाव्हेटरचा वेगळा, पेरणीचा वेगळा. फोन केला की ट्रॅक्टर येतो, काम होते, पैसे दिले की व्यवहार संपतो. व्यवहार संपणे, हाच मोठा बदल आहे. सावडीचे देणे कधीच पूर्ण फिटत नसे. आज त्याने आपल्या रानात दोन दिवस दिले, म्हणजे पुढच्या आठवड्यात आपण त्याच्या रानात जायचे. त्या अर्धवट राहिलेल्या देण्यातच शेजार टिकून होता.

खळ्याचेही तेच झाले. पूर्वी खळ्यावर रास पडली की आल्यागेल्याच्या पदरात पसा-दोन पसे पडत. बलुतेदार आपला वाटा घेऊन जाई. काढणीनंतर रानात पडलेला सरवा वेचायला गरीब बाया-पोरे येत, त्यांना कुणी हटकत नसे. आता हार्वेस्टर येतो, त्यांतले बरेचसे थेट पंजाबातून. दाणा पोत्यात आणि पोते बाजार समितीत. खळेच राहिले नाही, तर खळ्यावर येणार कोण?

घरच्या पिकाची देवघेवही पातळ झाली. परसातला शेवगा, कढीपत्ता, दोडका, भोपळा हे विकायचे जिन्नस नव्हते. ताक तर मागेल त्याला द्यायचे. ईदला शीरखुर्म्याची वाटी शेजारी जाई आणि दिवाळीला फराळाचे ताट मोहल्ल्यात येई. रिकामे भांडे परत करायचे नाही, हा नियम दोन्ही घरांत सारखाच. वाटी परत येताना तिच्यात काहीतरी असे. चार चिंचा, मूठभर शेंगदाणे, दोन लिंबे. त्यामुळे एक वाटी वर्षभर या घरातून त्या घरात फिरत राही. आता शीरखुर्मा प्लॅस्टिकच्या डब्यात जातो. देणाऱ्याला डबा परत नको असतो, घेणाऱ्याला तो धुवावा लागत नाही. सोय झाली, पण परतीची फेरी बंद पडली.

हे सारे केवळ हळहळण्यासारखे असते तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. आठवणींचे उमाळे काढणारे लेख पुष्कळ आहेत. प्रश्न वेगळा आहे. गेल्या काही वर्षांत काही गावांच्या यात्रांमध्ये मुस्लिम दुकानदारांना जागा देऊ नये, अमुक समाजाकडून माल घेऊ नये, अशा ठरावांच्या आणि आवाहनांच्या बातम्या येत राहिल्या. असे आवाहन सावडीच्या काळात कसे चालले असते? ज्याचा बैल आपल्या बैलाशेजारी जुंपलेला आहे, त्याच्यावर बहिष्कार घालणाऱ्याचे रान पडीक राहिले असते. आज मात्र प्रत्येक सेवेला पर्याय आहे. एक ट्रॅक्टरवाला नको असेल तर दुसऱ्याला फोन करता येतो, एक भाजीवाला नको असेल तर तालुक्यातून भाजी येते. शेजारी गिऱ्हाईक झाला की तो बदलता येतो. द्वेष पसरवणाऱ्यांची वाट सोपी झाली, ती इथे.

याचा अर्थ जुने गाव म्हणजे स्वर्ग होता, असे मुळीच नाही. बलुत्याच्या वाट्यात अपमानही मिसळलेला असे. सावड होती, पण ज्यांच्याकडे ना जमीन ना बैल, त्यांना तिच्यात स्थान नव्हते. दलितांना पाणवठ्यावरही नव्हते. इर्जिकीच्या जेवणाचा गौरव करताना शंभर भाकरी थापणाऱ्या बायकांचे हात कुणी मोजत नाही. ही बंधने तुटली ते चांगलेच झाले. शहरात गेलेल्या, शिकलेल्या पोरांना पुन्हा बैलामागे चालायला सांगणे हा अन्याय होईल. शिवाय यंत्रानेही काही नवे धागे विणले आहेत. तालुक्याच्या रस्त्यावरची वेल्डिंगची आणि ट्रॅक्टर दुरुस्तीची कितीतरी गॅरेजे मुस्लिम कारागीर चालवतात. पेरणीच्या आदल्या रात्री फण मोडला तर शेतकरी जात विचारत नाही, शटर वाजवतो. मुद्दा एवढाच, की पूर्वीचा शेजार गरजेने बांधलेला होता. ती गरज संपली. आता तो टिकवायचा तर जाणूनबुजून टिकवावा लागेल.

जाणूनबुजून देणे म्हणजे काय, याचा सराव रमजान करून घेतो. शेतीच्या उत्पन्नावर इस्लामने ‘उश्र’ सांगितला आहे. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा. पाणी कष्टाने किंवा खर्चाने दिले असेल तर विसावा. पिकामागचा घाम किती, हेही त्यात मोजले आहे, आणि द्यायची वेळ काढणीचीच. फितरा तर ईदच्या नमाजाआधी द्यायचा, आणि त्याचे मूळ माप धान्याचेच: गहू, जव, खजूर, मनुका. जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत. पण ऐच्छिक सदका कोणत्याही गरजूला देता येतो. शेजाऱ्याच्या हक्कावर तर इस्लामी शिकवणीत मोठा भर आहे आणि शेजारी आपल्याच धर्माचा असावा अशी अट त्यात नाही. मग गावातल्या मुस्लिम शेतकऱ्याने हरभरा निघाल्यावर एक पायली शेजारच्या भूमिहीन विधवेच्या घरी पोचवली, तर रोज्याचा अर्थ मशिदीबाहेरही कळेल. त्यासाठी व्यासपीठ लागत नाही, फलक लागत नाही.

पण एकट्यादुकट्याच्या दानाने गावाची वीण घट्ट होत नाही. त्यासाठी पुन्हा काहीतरी सामाईक हवे. कृषी यांत्रिकीकरणाच्या सरकारी योजनेत शेतकरी गटांना अवजारे बँकेसाठी अनुदान मिळते. आज अनेक ठिकाणी असे गट भावकीचे, एका वाड्याचे किंवा एका समाजाचे असतात. तो गट वस्तीवार न करता शिवारवार करता येईल. ज्यांच्या बांधाला बांध लागतो, ते सगळे त्यात. मग कुणी कुलकर्णी असो, कुणी कांबळे, कुणी मुलाणी. एक ट्रॅक्टर, एक पेरणी यंत्र, एक मळणी यंत्र आणि एक हिशेबवही. पाळीवरून भांडणे होतील. ती सावडीतही होत. पण भांडायलाही एकत्र बसावे लागते, आणि ज्याच्याबरोबर पुढच्या हंगामातही एकाच यंत्राची पाळी लावायची आहे, त्याच्याविरुद्ध ठराव करताना हात जड होतो.

वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवकडे रानात आंबील, भज्जी आणि खिचडा घेऊन लोक जमतात. ज्याला शेत नाही, त्यालाही आवर्जून आमंत्रण जाते, आणि शेजारच्या मोहल्ल्यातले मित्रही पंगतीला असतात. अशा जागा अजून आहेत. त्या सणांपुरत्या उरू नयेत, एवढेच पाहायचे.

यंदा १९ मार्चला गुढीपाडवा आहे आणि चंद्रदर्शनानंतर एक-दोन दिवसांतच ईद. गावाकडे पाडव्याला सालगड्याचे वर्ष संपते, नवे ठरते, जुने हिशेब मिटतात. पैशाचे हिशेब जरूर मिटवावेत. पण शेजाऱ्याचे एखादे देणे जाणूनबुजून बाकी ठेवायला हरकत नाही. पाडव्याच्या पुरणपोळीचे ताट ज्या घरी जाईल, तिथून ते दोन दिवसांनी शीरखुर्मा घेऊन परत यावे. त्यासाठी यंदा प्लॅस्टिकचा डबा बाजूला ठेवून घरातली स्टीलची वाटी काढावी. ती परत द्यायला कुणालातरी दारात यावेच लागेल.